कानाला पान उलटता येत नाही: बोलक्या रेडिओचा एक दिवस

१४ नोव्हेंबर १९२२ च्या संध्याकाळी लंडनमध्ये बीबीसीचं पहिलं बातमीपत्र वाचलं गेलं, आणि ते दोनदा वाचलं गेलं. वाचणारे होते आर्थर बरोज. आधी त्यांनी बातम्या भरभर वाचल्या, मग त्याच बातम्या सावकाश वाचल्या, आणि तुम्हाला कुठलं वाचन बरं वाटलं ते कळवा, असं श्रोत्यांना सांगितलं.

मला हा प्रसंग फार आवडतो. नवं यंत्र हातात आलं त्याच संध्याकाळी या लोकांना नेमका प्रश्न पडला होता. वर्तमानपत्रातलं एखादं वाक्य डोक्यावरून गेलं तर डोळे आपसूक मागच्या ओळीवर जातात. कानाला ती सोय नाही. ऐकलेलं वाक्य विरून जातं आणि ते नीट कळायच्या आत पुढचं वाक्य येऊन उभं राहतं. बातमी असो, मुलाखत असो की नभोनाट्य, रेडिओवर बोलणाऱ्या प्रत्येकाला याच एका अडचणीतून वाट काढावी लागते.

ही वाट कशी काढतात ते पाहायला ब्रिटनचं रेडिओ फोर हे केंद्र उत्तम आहे. ३० सप्टेंबर १९६७ पासून ते या नावाने चालू आहे. त्याआधी त्याचं नाव होम सर्व्हिस होतं. इथे गाणी जवळजवळ नाहीतच. बातम्या, मुलाखती, विज्ञान, शेती, विनोद, पुस्तकवाचन, नाटक आणि समुद्राचं हवामान, असा पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत सगळा बोलण्याचाच मामला. माणसं बोलतात आणि लाखो लोक कामं करता करता ऐकतात.

हा दिवस ज्या खुंटीला टांगलेला असतो, ती खुंटी म्हणजे तासाचा ठोका. ५ फेब्रुवारी १९२४ पासून बीबीसीवर तास भरताना सहा टूं टूं ऐकू येतात. इंग्रजीत त्यांना पिप्स म्हणतात. पहिले पाच आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे, सहावा अर्ध्या सेकंदाचा. पहिला आवाज तास भरायला पाच सेकंद असताना येतो, आणि सहावा जिथे सुरू होतो तो क्षण म्हणजे बरोबर तास. सुरुवातीला हे संकेत ग्रीनिचच्या वेधशाळेतल्या घड्याळांकडून यायचे. १९९० पासून बीबीसी ते स्वतःच तयार करते. संध्याकाळी सहाला आणि मध्यरात्री मात्र पिप्सऐवजी बिग बेनचे टोले ऐकवतात.

ऐकणाऱ्याला हे फक्त घड्याळ लावायचं साधन वाटतं. स्टुडिओत बसलेल्यांसाठी ती भिंत असते. समजा नऊची बातमी यायची आहे. आठ एकोणसाठ वीसला पाहुण्यांचं शेवटचं वाक्य संपलं. पहिला पिप नऊला पाच सेकंद कमी असताना येणार, म्हणजे हातात पस्तीस सेकंद उरले. त्यात उद्याच्या कार्यक्रमाची वीस सेकंदांची ध्वनिमुद्रित जाहिरात लावायची आहे. मग निवेदकाला स्वतःच्या बोलण्यासाठी राहिले पंधरा. इंग्रजीत बातम्या वाचण्याचा वेग सेकंदाला तीन शब्द धरतात, म्हणजे पंचेचाळीस शब्द, आणि श्वास घ्यायचा तर चाळीसच. हा हिशेब पुढून मागे करायचा असतो. त्याला बॅक-टायमिंग म्हणतात, आणि चांगला निवेदक तो बोलता बोलता, समोरच्या घड्याळाकडे पाहत करतो. बोलणं लांबून पिप्सवर चढलं तर त्याला पिप्सवर आदळणं म्हणतात, आणि या धंद्यात ती नामुष्की समजली जाते. उलट पाच-सहा सेकंद रिकामे राहिले तर ऐकणाऱ्याला वाटतं, रेडिओ बंद पडला. पडद्यावर आवाज गेला तरी चित्र दिसत राहतं. रेडिओत शांतता म्हणजे काहीच नाही.

गंमत अशी की डिजिटल रेडिओवर हे पिप्स दोनेक सेकंद उशिरा पोचतात आणि इंटरनेटवर त्याहूनही उशिरा. सेकंदाच्या अंशापर्यंत अचूक निघालेली वेळ घरी पोचेपर्यंत शिळी झालेली असते. तरीही ते बंद झालेले नाहीत, कारण दिवसाचं बांधकामच त्यांच्यावर उभं आहे.

आता बातम्यांकडे. कानासाठी लिहिलेली बातमी आणि डोळ्यांसाठी लिहिलेली बातमी ही दोन वेगळी कामं आहेत, आणि हा फरक समजला की बोलक्या रेडिओचं निम्मं कोडं सुटतं. नमुन्यादाखल एक छापील वाक्य मीच बनवतो: ‘महागाईचा दर ३.८ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेल्याच्या पार्श्वभूमीवर मध्यवर्ती बँकेने, विरोधकांच्या टीकेला न जुमानता, व्याजदरात पाव टक्क्याची वाढ केल्याने कर्जे महाग होण्याची शक्यता आहे.’ कागदावर हे खपून जातं. मोठ्याने वाचून पाहा. क्रियापद येईपर्यंत तीन आकडे, एक टीका आणि एक बँक ऐकणाऱ्याने डोक्यात धरून ठेवायची. तो कधीच घसरलेला असतो.

हेच कानासाठी लिहायचं तर: ‘कर्ज महागण्याची शक्यता आहे. मध्यवर्ती बँकेने आज व्याजदर पाव टक्क्याने वाढवला. विरोधकांनी या निर्णयावर टीका केली आहे. बँक म्हणते, महागाई वाढते आहे. ती आता चार टक्क्यांच्या वर गेली आहे.’ एका वाक्यात एक गोष्ट. महागाईचा आकडा एकच, तोही गोल करून. श्रोत्याच्या जिव्हाळ्याची गोष्ट आधी, म्हणजे तो कान टवकारतो; तपशील त्याच्या मागून.

आणखी एक बारीक नियम आहे, आणि मराठीत बातम्या लिहिणाऱ्यांनी तो मुद्दाम लक्षात ठेवावा असं मला वाटतं. कोण म्हणालं, ते आधी सांगायचं. ‘हा प्रकल्प म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, असा आरोप अमुक नेत्याने केला’ हे छापायला ठीक. ऐकताना मात्र पहिले सहा शब्द निवेदकाचं स्वतःचं मत म्हणून कानात शिरतात, आणि ‘आरोप’ हा शब्द येईपर्यंत उशीर झालेला असतो. अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत. कंसही ऐकू येत नाहीत. म्हणून आधी माणूस, मग त्याचं म्हणणं.

रेडिओ फोरची सकाळ सहा ते नऊ अशा तीन तासांच्या ‘टुडे’ या कार्यक्रमाने भरलेली असते. तो २८ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाला, तेव्हा त्यात हलकेफुलके किस्से असायचे. आज देशाच्या राजकारणाचा दिवस तिथून सुरू होतो. हा कार्यक्रम नीट ऐकला तर एक गोष्ट लक्षात येते: तीच मुख्य बातमी पुन्हा पुन्हा येते. हा आळस नाही. तीन तास सलग कुणीच ऐकत नाही. कुणी दाढी करताना वीस मिनिटं ऐकतो, कुणी गाडीत अर्धा तास. दर थोड्या वेळाने श्रोत्यांची नवी तुकडी येते, जुनी निघून जाते. त्यामुळे मुलाखत चालू असतानाही निवेदक मधेच पाहुण्यांचं नाव आणि विषय पुन्हा सांगतो. आठच्या बातम्यांनंतर, साधारण आठ दहाला, दिवसाची सर्वांत महत्त्वाची राजकीय मुलाखत असते, कारण त्या वेळी ऐकणारे बरेच असतात. मंत्र्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं.

बातम्यांचं हे स्थान आयतं मिळालेलं नाही. सुरुवातीच्या काळात वर्तमानपत्रांचा खप बुडू नये म्हणून संध्याकाळी सातच्या आधी रेडिओवर बातम्या द्यायला मनाई होती. आणि १८ एप्रिल १९३० ला, गुड फ्रायडेच्या रात्री, निवेदकाने आज बातमी नाही असं सांगितलं, आणि उरलेल्या वेळात पियानो वाजला. सांगण्यासारखं नसेल तेव्हा नाही म्हणायचं, हा मोकळेपणा मला आजही मोलाचा वाटतो.

नऊनंतर दिवसाची चाल बदलते. इथे सांगण्यासारखी एकच गोष्ट: कार्यक्रमाची वेळ ऐकणाऱ्याच्या दिनक्रमावरून ठरते. ‘वुमन्स अवर’ ७ ऑक्टोबर १९४६ ला सुरू झाला तो दुपारी दोनला, घरातल्या बायकांचं जेवणखाण उरकून त्यांना जरा टेकायला मिळेल त्या वेळी. पहिला निवेदक मात्र पुरुष होता! हा कार्यक्रम आज सकाळी ऐकवतात, कारण बायकांची दुपार बदलली. १९४२ पासून चालू असलेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’मध्ये पाहुण्याला विचारतात, निर्जन बेटावर अडकलात तर कुठल्या आठ ध्वनिमुद्रिका जवळ ठेवाल? प्रश्न गाण्यांचा, पण गाणं का निवडलं ते सांगता सांगता माणूस आई, शाळा, पहिलं प्रेम, सगळं सांगून जातो. मुलाखतीची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

मग येतं नाटक, आणि इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे.

खास रेडिओसाठी लिहिलेलं बीबीसीवरचं पहिलं मानलं जाणारं नाटक १५ जानेवारी १९२४ ला प्रक्षेपित झालं. लेखक रिचर्ड ह्यूज. त्यांच्यापुढे प्रश्न होता की ज्याला काहीच दिसत नाही अशा माणसाला नाटक कसं दाखवायचं. त्यांनी तो मुळातूनच सोडवला. नाटक घडतं कोळशाच्या खाणीत, आणि सुरुवातीलाच खाणीतले दिवे जातात. आता पात्रांनाही काही दिसत नाही. ती चाचपडतात, एकमेकांना हाका मारतात, पाणी चढतंय का ते आवाजावरून ओळखतात. श्रोता आणि पात्र एकाच अंधारात. अडचण होती तिचाच कथेचा पाया केला. शंभर वर्षांत नभोनाट्याने पुष्कळ मजल मारली, पण इतकं नेमकं उत्तर पुन्हा सापडलं असेल असं मला वाटत नाही.

प्रत्येक नाटक अंधारात घडवता येत नाही, म्हणून बाकीच्या युक्त्या आल्या. एका प्रसंगात आवाज थोडे ठेवायचे, आणि ते एकमेकांपासून वेगळे. दोन घोगऱ्या आवाजांचे मध्यमवयीन पुरुष समोरासमोर बसवले की श्रोता हरवला. पात्रांनी एकमेकांना अधूनमधून नावाने हाक मारायची, पण दर वाक्याला नाही. मग ते खोटं वाटतं. खोलीत असलेलं पात्र बराच वेळ गप्प राहिलं तर श्रोत्याच्या लेखी ते निघून गेलेलं असतं, म्हणून त्याला खाकरायला लावायचं, कप खाली ठेवायला लावायचं.

सगळ्यांत सुंदर भाग आहे जागेचा. आपण आत आहोत की बाहेर, हे कानाला कशावरून कळतं? भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजावरून. न्हाणीघरात आवाज घुमतो, सामानाने भरलेल्या खोलीत कमी घुमतो, उघड्या माळावर परत येतच नाही. म्हणून नाटकाच्या स्टुडिओत एक कोपरा असा असतो की तिथे जाड गाद्यांसारखं आवरण लावून प्रत्येक प्रतिध्वनी गिळून टाकलेला असतो. चार भिंतींच्या आतली ती सर्वांत कोंदट जागा, आणि रेडिओवर तीच वाऱ्याने भरलेलं माळरान होते. माइकच्या अगदी जवळ, जवळजवळ श्वासात बोललेलं वाक्य मनातला विचार वाटतं. तेच वाक्य पाऊल मागे घेऊन म्हटलं की समोरच्याशी बोलणं. मान वळवत म्हटलं की पात्र निघून चाललंय. नटाचा अभिनय असा चार पावलांच्या जागेत चालतो, हातात संहिता, आणि पानाचा आवाज होणार नाही याची सतत काळजी. पाऊण तासाचं नाटक साधारण दोन दिवसांत ध्वनिमुद्रित होतं. पाठांतराला वेळ नसतो आणि गरजही नसते.

आणि ध्वनिपरिणाम. खरा आवाज माइकवर खरा वाटेलच असं नाही. बर्फावरची पावलं हवी असतील तर कॉर्नफ्लॉवरची पिशवी मुठीत दाबतात. ‘द आर्चर्स’ या मालिकेत शेताचं फाटक म्हणून इस्त्रीचं जुनं टेबल करकरवतात, आणि मेंढीचं पिल्लू जन्मतं तेव्हा हातात दही पिचपिचवून ओला टॉवेल धपकन खाली टाकतात. डोळ्यांनी पाहिलं तर स्वयंपाकघरातला पसारा. डोळे मिटले की गोठा, रात्र, कंदील, आणि धापा टाकणारी मेंढी.

ही मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकवली जाते आहे. अँब्रिज हे काल्पनिक गाव, त्यातली शेतकरी घराणी, संध्याकाळी सातच्या सुमारास बारा-तेरा मिनिटं. तिचा जन्म करमणुकीतून झालेला नाही. युद्धानंतर ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होतं, अन्नधान्य वाढवायचं होतं, आणि शेतकऱ्यांसाठीची माहितीपर भाषणं कुणी मन लावून ऐकत नव्हतं. एका बैठकीत एक शेतकरी म्हणाला की तेव्हाच्या लोकप्रिय थरारमालिकेसारखं काहीतरी शेतीवर हवं. मग खत, बियाणं, जनावरांचे रोग हे सगळं भांडणं आणि प्रेमप्रकरणांत मिसळून सांगितलं जाऊ लागलं. पुढे कथा इतकी रुजली की २२ सप्टेंबर १९५५ ला, ज्या रात्री बीबीसीची पहिली खासगी स्पर्धक टीव्ही वाहिनी सुरू झाली, त्याच रात्री ग्रेस आर्चर हे पात्र तबेल्याच्या आगीत सापडून मेलं, आणि दुसऱ्या दिवशी लोक बोलत होते ते तिच्याबद्दल.

बातमी आणि नाटक यांतली सीमा किती पातळ आहे, हे त्याआधी एकदा दिसून गेलं होतं. १६ जानेवारी १९२६ ला रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूंनी एडिंबरोच्या स्टुडिओतून वीसेक मिनिटांचा एक विनोदी कार्यक्रम केला. एक कंटाळवाणं व्याख्यान चालू आहे, आणि मधेमधे बातम्या येताहेत: लंडनमध्ये दंगल, बिग बेनचा मनोरा पाडला, एका मंत्र्याला दिव्याच्या खांबाला फाशी दिलं. त्यात पुन्हा एका हॉटेलातलं नृत्यसंगीत. हा विनोद आहे असं सुरुवातीला सांगितलं होतं. पण ज्यांनी रेडिओ मधूनच लावला त्यांना ते कुठून कळणार? त्यातून बर्फामुळे वर्तमानपत्रं बऱ्याच ठिकाणी वेळेवर पोचली नाहीत. काही लोक खरोखरच घाबरले. पुस्तक मधूनच उघडलं तरी मुखपृष्ठ हातात असतं. मधूनच लावलेल्या रेडिओला मुखपृष्ठ नसतं. आज प्रत्येक कार्यक्रमाला ओळखीची संकेतधून असते आणि बातम्या ठरावीक सुरातच वाचल्या जातात, ते याच कारणाने.

आता कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. आज कुठलाही कार्यक्रम मोबाइलवर थांबवता येतो, मागे नेता येतो. येतो खरा. पण हात कणकेत असतात, स्टिअरिंगवर असतात, कडेवर बाळ असतं. कार्यक्रम मागे नेणारा श्रोता विरळाच. म्हणून उत्तम पॉडकास्टही आजही एकदाच ऐकणाऱ्या कानासाठीच लिहिले जातात.

आणि ज्याला मागे नेणं कधीच परवडणार नाही, असा श्रोता मध्यरात्रीनंतर ऐकत असतो.

१८५९ साली रॉयल चार्टर हे जहाज वेल्सजवळ वादळात फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याने वादळाचे इशारे देण्याची पद्धत सुरू केली. डार्विन ज्या बीगल जहाजावरून गेले, त्याचा हाच कप्तान. आजचं ‘शिपिंग फोरकास्ट’, म्हणजे जहाजांसाठी रेडिओवर वाचलं जाणारं हवामान, त्याच घराण्यातलं. ब्रिटनभोवतीचा समुद्र ३१ भागांत वाटलेला आहे, आणि त्यातल्या एका भागाला २००२ पासून फिट्झरॉयचंच नाव आहे. मजकूर हवामान खातं लिहितं, साधारण साडेतीनशे शब्दांच्या मर्यादेत. ३१ समुद्र, प्रत्येकाचा वारा, पाऊस, दृश्यमानता, आणि शब्द फक्त साडेतीनशे!

हे जमतं ते क्रम पक्का असल्यामुळे. आधी भागाचं नाव, मग वाऱ्याची दिशा आणि जोर, मग हवा, शेवटी किती लांबचं दिसेल. मराठीत सांगायचं तर असं: ‘डॉगर. नैर्ऋत्य पाच ते सात. पाऊस. मध्यम, कधी कमी.’ शेवटचा ‘मध्यम’ दृश्यमानतेचा आहे हे वेगळं सांगत नाहीत. त्या जागी दुसरं काही येतच नाही. शब्दांचे अर्थही ठरलेले. ‘लवकरच’ म्हणजे सहा ते बारा तासांत. ‘नंतर’ म्हणजे बारा तासांनंतर. दृश्यमानता ‘चांगली’ म्हणजे पाच सागरी मैलांहून जास्त. साध्या बोलण्यातले ढिले शब्द इथे मोजपट्टीसारखे कडक केले आहेत. २०१४ च्या ३० मे रोजी पहाटे तांत्रिक चुकीमुळे हे वाचन प्रक्षेपित झालंच नाही, आणि त्याची देशभर बातमी झाली.

रात्रीचं वाचन बारा अठ्ठेचाळीसला. त्याआधी ‘सेलिंग बाय’ ही संथ धून लागते. ती सुंदर आहे, पण तिचं काम हिशेबाचं आहे: उरलेले सेकंद भरून काढायचे, वेळ झाली की विरून जायचं, आणि तोवर समुद्रावरच्या माणसाला आपण योग्य केंद्र लावलंय हे कळू द्यायचं. मग निवेदक वाचू लागतो, दिवसभरातल्या कुठल्याही निवेदकापेक्षा सावकाश, कारण पलीकडे कुणीतरी हलत्या होडीत पेन्सिलीने लिहून घेत असतं. क्रम ईशान्येकडच्या व्हायकिंगपासून, बेटांना उजवीकडून वळसा घालत, शेवटी आग्नेय आइसलँडपर्यंत. डॉगर आठवा येतो. तिथला माणूस आपली ओळ लिहून पेन्सिल खाली ठेवतो. सोल या भागातला अजून थांबलेला असतो. त्याचा नंबर विसावा.